आइस हॉकीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा: प्रथमच पाहणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

दरवर्षी मे महिन्यात सोळा राष्ट्रीय संघ एकत्र येतात, सुमारे अडीच आठवडे आइस हॉकी खेळतात आणि त्यांतून त्या वर्षीचा जगज्जेता ठरतो. या खेळाकडे नव्याने वळणारा प्रेक्षक बहुधा शेवटच्या रविवारचा अंतिम सामना लावून बसतो, पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, नेमका कुठे आहे हे शोधण्यात पहिली वीस मिनिटे घालवतो आणि पुन्हा या खेळाच्या वाटेला जात नाही. अंतिम सामना ही सुरुवात करण्याची जागाच नव्हे. या स्पर्धेची खरी चुरस साखळी सामन्यांत असते, आणि तीही गुणतक्त्याच्या मधल्या व तळाच्या भागात, जिथे एकेका गुणावर एखाद्या देशाचे पुढचे वर्ष अवलंबून असते. म्हणून पुढील पायऱ्यांत नियमांइतकेच महत्त्व गुणतक्ता वाचण्याला आणि पाहण्यासाठी संघ निवडण्याला दिले आहे.

पायरी पहिली: आपण कोणती स्पर्धा पाहत आहोत, हे आधी निश्चित करावे

आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाची स्थापना १९०८ साली पॅरिसमध्ये झाली आणि त्याचे मुख्यालय आज झ्युरिक येथे आहे. हा महासंघ एक नव्हे तर अनेक अजिंक्यपद स्पर्धा भरवतो: पुरुषांची, महिलांची, वीस वर्षांखालील मुलांची, अठरा वर्षांखालील मुलामुलींची. वीस वर्षांखालील स्पर्धा नाताळानंतर सुरू होऊन जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते आणि तिच्यात दहा संघ असतात. या लेखात मुख्यतः पुरुषांच्या, मे महिन्यातील स्पर्धेचा विचार केला आहे. महिलांच्या स्पर्धेबद्दल पुढे स्वतंत्र परिच्छेद आहे.

नवख्यांचा गोंधळ होतो तो ऑलिंपिक आणि उत्तर अमेरिकेतील एनएचएल या दोहोंमुळे. एनएचएल ही क्लबांची व्यावसायिक लीग आहे. तिथे एकाच क्लबात स्वीडनचा, कॅनडाचा आणि स्वित्झर्लंडचा खेळाडू खांद्याला खांदा लावून खेळतो. ऑलिंपिक चार वर्षांतून एकदा होते. तिथे एनएचएलचे खेळाडू १९९८ ते २०१४ या काळातील पाचही स्पर्धांत खेळले, पण २०१८ आणि २०२२ मध्ये त्यांना पाठवण्यात आले नाही. जागतिक अजिंक्यपद मात्र दरवर्षी असते आणि ते नेमके एनएचएलच्या बाद फेऱ्या चालू असतानाच खेळले जाते. त्यामुळे ज्यांचे क्लब लवकर बाहेर पडले, तेच खेळाडू आपल्या देशाकडून खेळायला मोकळे असतात. काही जाणकार यावरून या स्पर्धेला दुय्यम लेखतात. प्रस्तुत लेखकाला ते पटत नाही, कारण याच अडचणीमुळे बलाढ्य संघ आणि मधल्या फळीतले संघ यांच्यातले अंतर कमी होते आणि निकाल आधी सांगता येत नाहीत.

पायरी दुसरी: स्पर्धेची रचना समजून घ्यावी

सोळा संघ आठ-आठच्या दोन गटांत विभागले जातात. गटातील प्रत्येक संघ उरलेल्या सातही संघांशी एकेकदा खेळतो, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सात साखळी सामने येतात. प्रत्येक गटातील पहिले चार संघ उपांत्यपूर्व फेरीत जातात. तिथून पुढे हरला तो बाद. ५६ साखळी सामने, चार उपांत्यपूर्व, दोन उपांत्य, एक कांस्यपदकाचा आणि एक अंतिम असे एकूण ६४ सामने होतात. सर्वसाधारणपणे दोन शहरे यजमान असतात आणि एकेक गट एकेका शहरात खेळतो: २०२४ मध्ये प्राग आणि ओस्ट्राव्हा, २०२५ मध्ये स्वीडनमधील स्टॉकहोम आणि डेन्मार्कमधील हर्निंग. २०२६ चे यजमानपद स्वित्झर्लंडमधील झ्युरिक आणि फ्रिबुर्ग यांना देण्यात आले.

गट कसे पाडायचे हे महासंघाच्या जागतिक क्रमवारीवरून ठरते. या क्रमवारीत मागील चार वर्षांतील कामगिरी मोजली जाते. ताज्या वर्षाचे गुण पूर्ण धरले जातात आणि मागे जावे तसे त्यांचे वजन दर वर्षी एक चतुर्थांशाने घटत जाते. म्हणजे एखादा संघ एका वर्षी चमकून गेला, तरी क्रमवारीत वर येण्यासाठी त्याला सातत्य दाखवावेच लागते.

दोन्ही गटांतील शेवटचा, म्हणजे आठव्या क्रमांकाचा संघ खालच्या श्रेणीत घसरतो, आणि त्या श्रेणीतील पहिले दोन संघ पुढील वर्षी वर येतात. खालची श्रेणी म्हणजे पहिला विभाग, गट ‘अ’. त्याखाली पहिला विभाग गट ‘ब’, मग दुसरा विभाग, तिसरा विभाग अशी उतरंड आहे. वर्षभरात वेगवेगळ्या देशांत या सर्व श्रेणींच्या स्पर्धा होतात. पुढील वर्षीचा यजमान तळाला गेला तरी त्याची घसरण होत नाही. त्याच्याऐवजी दुसरा संघ खाली जातो.

रशिया आणि बेलारूस या देशांचे संघ २०२२ पासून या स्पर्धेत नाहीत, कारण युक्रेनवरील आक्रमणानंतर महासंघाने त्यांना सहभागापासून दूर ठेवले. जुन्या विक्रमांच्या याद्यांत सोव्हिएत संघ आणि रशिया यांची नावे वारंवार येतात आणि ताज्या गुणतक्त्यांत ती का दिसत नाहीत, असा प्रश्न नव्या वाचकाला पडतो. त्याचे उत्तर हे आहे.

पायरी तिसरी: गुणतक्ता वाचायला शिकावे

नियमित साठ मिनिटांत सामना जिंकला तर तीन गुण मिळतात. बरोबरी झाल्यास सामना जादा वेळेत आणि आवश्यकता पडल्यास शूटआउटमध्ये जातो, म्हणजे खेळाडू एकेक करून एकट्या गोलरक्षकासमोर गोल करण्याचा प्रयत्न करतात. तिथे जिंकणाऱ्याला दोन आणि हरणाऱ्याला एक गुण मिळतो. नियमित वेळेत हरणाऱ्याला काहीच मिळत नाही. प्रत्येक सामन्यात एकूण तीनच गुण वाटले जातात. बरोबरी टिकवून धरलेल्या संघाला हरल्यावरही एक गुण मिळतो, आणि हा एक गुण किती मोलाचा ठरू शकतो हे २०२१ मधील कॅनडाच्या वाटचालीवरून चांगले कळते.

त्या वर्षी रिगा येथे कॅनडाने पहिले तीनही सामने गमावले: लॅटव्हियाकडून ०-२, अमेरिकेकडून १-५ आणि जर्मनीकडून १-३. त्यानंतर नॉर्वे, कझाकस्तान आणि इटली यांच्यावर नियमित वेळेत विजय मिळवून त्यांनी नऊ गुण जमवले. शेवटच्या साखळी सामन्यात ते फिनलंडकडून शूटआउटमध्ये हरले, पण त्या पराभवातून एक गुण हाती आला आणि एकूण दहा झाले. कझाकस्तानचेही दहाच गुण होते. मात्र गुण समान असतील तर आधी त्या दोन संघांमधील सामन्याचा निकाल पाहिला जातो, आणि तो सामना कॅनडाने जिंकलेला होता. एवढे होऊनही त्यांचे भवितव्य त्यांच्या हातात राहिले नव्हते. जर्मनी आणि लॅटव्हिया यांच्यातील अखेरचा सामना नियमित वेळेत निकाली निघणे त्यांना आवश्यक होते, कारण तो जादा वेळेत गेला असता तर दोन्ही संघ गुण मिळवून पुढे सरकले असते. जर्मनीने तो नियमित वेळेत २-१ असा जिंकला, कॅनडा चौथ्या स्थानावरून कसाबसा आत शिरला, आणि पुढे रशिया, अमेरिका व फिनलंड यांना हरवून जगज्जेता झाला. अंतिम सामन्यातील जादा वेळेतला निर्णायक गोल निक पॉल याने केला.

या उदाहरणावरून नव्या प्रेक्षकाने एक सवय लावून घ्यावी: साखळीच्या शेवटच्या दोन दिवसांत सामना सुरू होण्यापूर्वी तक्ता समोर ठेवून कोणाला किती गुण पुरेसे आहेत याचे गणित स्वतः मांडावे. तीन किंवा अधिक संघांचे गुण सारखे असतील, तर फक्त त्यांच्या आपापसांतील सामन्यांचा छोटा तक्ता करून क्रम लावला जातो. एकूण गोलांचा फरक त्यानंतर येतो. फुटबॉलच्या काही स्पर्धांत हा क्रम उलटा असतो, म्हणून तिथून येणारे प्रेक्षक इथे हमखास चुकतात.

जुन्या काळी ही रचना नव्हती. आज दिसणारी उपांत्यपूर्व फेरी ते अंतिम सामना ही पद्धत १९९२ पासूनची आहे. त्याआधी अजिंक्यपद साखळी गुणांवरच ठरत असे. १९६९ मध्ये स्टॉकहोम येथे सोव्हिएत संघ, स्वीडन आणि चेकोस्लोव्हाकिया या तिघांचेही गुण समान झाले आणि सुवर्णपदक गोलांच्या फरकावर सोव्हिएत संघाला मिळाले. पण त्या स्पर्धेची आठवण काढली जाते ती चेकोस्लोव्हाकियाने सोव्हिएत संघाला दोनदा, २-० आणि ४-३ असे, हरवले म्हणून. आदल्याच वर्षी सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले होते. दुसऱ्या विजयानंतर लोक रस्त्यांवर उतरले आणि प्रागमधील सोव्हिएत विमान कंपनीचे कार्यालय फोडले गेले.

पायरी चौथी: पाहण्यासाठी एक संघ निवडावा, आणि तो शक्यतो सर्वांत बलाढ्य नसावा

कॅनडाच्या नावावर २८ अजिंक्यपदे आहेत आणि सोव्हिएत संघ व रशिया मिळून २७. चेकोस्लोव्हाकिया आणि झेक प्रजासत्ताक मिळून १३, स्वीडनची ११, फिनलंडची ४ असा २०२५ अखेरचा हिशेब आहे. साहजिकच नवा प्रेक्षक यांपैकी एखादा संघ निवडतो. त्याने तसे करू नये असा आमचा आग्रह आहे. बलाढ्य संघाचे साखळीतील तीन-चार सामने एकतर्फी होतात आणि त्यांतून खेळ समजत नाही. त्याऐवजी गटात चौथ्या ते आठव्या क्रमांकासाठी झगडणारा एक संघ निवडावा आणि त्याचे सातही सामने क्रमाने पाहावेत. लॅटव्हिया, डेन्मार्क, स्लोव्हाकिया, ऑस्ट्रिया, ग्रेट ब्रिटन यांपैकी कोणताही चालेल. सातव्या सामन्यापर्यंत त्याचे गोलरक्षक, त्याची पहिली फळी आणि त्याचा कच्चा दुवा तोंडपाठ झालेला असतो.

ग्रेट ब्रिटनची गोष्ट यासाठी नमुनेदार आहे. २०१७ मध्ये हा संघ पहिल्या विभागाच्या ‘ब’ गटात होता, म्हणजे सर्वोच्च श्रेणीपासून दोन पायऱ्या खाली. लागोपाठ दोन वर्षे बढती मिळवून तो २०१९ मध्ये वर आला. कोशित्से येथे शेवटच्या साखळी सामन्यात त्याची गाठ फ्रान्सशी होती आणि हरणारा खाली जाणार होता. तीन गोलांनी पिछाडीवर असलेल्या ब्रिटनने बरोबरी साधली आणि जादा वेळेत बेन डेव्हिसच्या गोलने सामना ४-३ असा जिंकला; फ्रान्सची घसरण झाली. पुढे हाच संघ २०२२ मध्ये खाली गेला, २०२३ मध्ये वर आला, २०२४ मध्ये पुन्हा खाली आणि २०२५ मध्ये इटलीसोबत पुन्हा वर. पदकाची आशा नसलेल्या संघाचे सामनेही श्वास रोखून का पाहावेत, हे अशा वर्षांतून कळते.

लॅटव्हियाने २०२३ मध्ये आपले पहिले पदक मिळवले. टाम्पेरे येथे कांस्यपदकाच्या सामन्यात त्याने अमेरिकेला जादा वेळेत ४-३ असे हरवले; बरोबरीचा आणि विजयाचा असे दोन्ही गोल क्रिस्तियान्स रुबिन्स या बचावपटूने केले. त्या रात्री लॅटव्हियाच्या संसदेची खास बैठक झाली आणि दुसरा दिवस राष्ट्रीय सुट्टी म्हणून जाहीर करण्यात आला.

संघ निवडल्यावर त्याची नावांची यादी पाहावी, पण ती स्पर्धेच्या पहिल्या दिवशी पूर्ण असेलच असे नाही. एका संघाला २२ मैदानी खेळाडू आणि ३ गोलरक्षक मिळून २५ जणांची नोंद करता येते आणि सर्व जागा सुरुवातीलाच भरण्याची सक्ती नसते. प्रशिक्षक दोन-तीन जागा मुद्दाम रिकाम्या ठेवतात आणि एनएचएलमध्ये एखाद्या क्लबाचा पराभव झाला की त्यातील आपल्या खेळाडूला बोलावून घेतात. एकदा नोंदवलेला खेळाडू मात्र दुखापत झाली तरी बदलता येत नाही, त्यामुळे रिकामी जागा केव्हा भरायची हा प्रशिक्षकासाठी जुगारच असतो. २०२५ मध्ये डेन्मार्कचा निकोलाय एलर्स असाच स्पर्धेच्या मध्यात येऊन दाखल झाला. उपांत्यपूर्व फेरीत कॅनडा १-० ने पुढे असताना शेवटच्या तीन मिनिटांत एलर्सने बरोबरी साधली, आणि घड्याळात एक मिनिटही उरलेले नसताना निक ओलेसनने दुसरा गोल करून कॅनडाला घरी पाठवले.

पायरी पाचवी: पहिला सामना पाहताना पकाचा पाठलाग करू नये

पक म्हणजे कडक रबराची चकती. तिचा व्यास ७.६२ सेंटिमीटर, जाडी २.५४ सेंटिमीटर आणि वजन १५६ ते १७० ग्रॅम. चांगला फटका ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाने जातो. पडद्यावर ही चकती सतत दिसत राहील अशी अपेक्षा ठेवली की निराशा होते. अनुभवी प्रेक्षक खेळाडूंच्या शरीराची दिशा पाहतात आणि पक कुठे आहे ते त्यावरून ओळखतात. पहिल्या सामन्यात फक्त एवढेच करावे: दोन निळ्या रेषांपैकी कोणत्या रेषेच्या पलीकडे खेळ चालू आहे आणि तिथे कोणत्या संघाचे किती खेळाडू आहेत, हे पाहत राहावे.

रिंक, म्हणजे बर्फाचे मैदान, ६० मीटर लांब आणि २६ ते ३० मीटर रुंद असते, तिचे कोपरे गोलाकार असतात आणि सभोवती फळ्यांची भिंत असते. भिंतीवर आपटून परतणारा पक खेळातच राहतो. दोन निळ्या रेषा रिंकचे तीन भाग करतात: आपला बचावाचा, मधला आणि प्रतिस्पर्ध्याचा. मैदानी हॉकीतून ऑफसाइड कधीच हद्दपार झाला, पण इथे तो खेळाचा कणा आहे. आक्रमक खेळाडू पकाच्या आधी प्रतिस्पर्ध्याची निळी रेषा ओलांडून आत जाऊ शकत नाही. गेला तर खेळ थांबतो आणि पुन्हा फेस-ऑफ होतो, म्हणजे पंच पक दोन खेळाडूंच्या मध्ये टाकतो आणि ते त्यासाठी झुंजतात. म्हणूनच आक्रमण करणारे खेळाडू निळ्या रेषेजवळ येऊन क्षणभर रेंगाळताना दिसतात.

दुसरा वारंवार दिसणारा थांबा म्हणजे आयसिंग. दबावाखाली असलेल्या संघाने आपल्या अर्ध्या भागातून पक सरळ दुसऱ्या टोकाच्या गोलरेषेपलीकडे भिरकावला आणि वाटेत त्याला कोणाचा स्पर्श झाला नाही, तर खेळ थांबवून फेस-ऑफ त्याच संघाच्या गोलाजवळ घेतला जातो. शिवाय त्या संघाला त्या वेळी खेळाडू बदलता येत नाहीत. दमलेले पाच जण आपल्याच गोलापुढे अडकतात आणि समोरून ताजे पाच जण येतात. सामन्यातील कितीतरी गोल याच क्षणी पडतात.

बर्फावर एका वेळी गोलरक्षकासह सहा खेळाडू असतात, पण सामन्यासाठी २० मैदानी खेळाडू आणि २ गोलरक्षक उपलब्ध असतात. खेळ चालू असतानाच खेळाडू बदलत राहतात आणि एका खेपेला साधारण पाऊण मिनिटच खेळतात. तीन आक्रमकांची एक फळी धरली तर अशा चार फळ्या आलटून पालटून उतरतात, त्यांच्या मागे बचावपटूंच्या जोड्या. यजमान असो वा पाहुणा, प्रशिक्षकाचे अर्धे कौशल्य आपली कोणती फळी प्रतिस्पर्ध्याच्या कोणत्या फळीसमोर उतरवायची यात असते. दुसऱ्या सामन्यापासून हे पाहायला सुरुवात करावी.

सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन डावांचा असतो आणि खेळ थांबला की घड्याळही थांबते, म्हणून प्रत्यक्षात तो सुमारे अडीच तास चालतो. डावांमध्ये बर्फ पुन्हा गुळगुळीत करण्यासाठी यंत्र फिरवले जाते. दुसऱ्या डावात संघांनी बाजू बदललेल्या असल्याने त्यांचा राखीव बाक बचावाच्या भागापासून दूर पडतो आणि दमलेल्या खेळाडूंना बदलीसाठी लांब जावे लागते. पाहताना हा तपशील लक्षात ठेवावा, कारण विस्कळीत बचाव याच डावात अधिक दिसतो.

पायरी सहावी: शिक्षेची दोन मिनिटे काळजीपूर्वक पाहावीत

स्टिकने पाय अडकवणे, प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवणे, स्टिक उंच उचलून तोंडावर लागणे अशा अपराधांसाठी खेळाडूला दोन मिनिटे पेनल्टी बॉक्समध्ये बसावे लागते आणि त्याचा संघ एका खेळाडूने कमी पडतो. समोरच्या संघाला मिळालेल्या या संधीला पॉवर प्ले म्हणतात. दोन मिनिटांत गोल झाला तर शिक्षा तिथेच संपते. गंभीर अपराधासाठी पाच मिनिटांची शिक्षा असते आणि त्या काळात कितीही गोल झाले तरी ती पूर्ण भोगावी लागते. मारामारी केल्यास आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खेळाडूला सामन्यातून बाहेर काढले जाते. एनएचएलमधील जुन्या चित्रफिती पाहून आलेल्यांनी इथे तसल्या दृश्यांची अपेक्षा करू नये.

नव्या प्रेक्षकाला खेळातील डावपेच सर्वांत स्पष्ट दिसतात ते पॉवर प्लेमध्ये, कारण वेग थोडा मंदावतो आणि रचना नजरेत भरते. आक्रमक पाच जण प्रतिस्पर्ध्याच्या भागात पसरतात, पक एकमेकांकडे फिरवत राहतात आणि बचाव करणारे चौघे चौकोन धरून त्यांच्यापुढे सरकत राहतात. कमी खेळाडू असलेल्या संघाला या काळात आयसिंगची मुभा असते, म्हणून ते पक मिळताच दूर भिरकावतात.

पंचाने हात वर केला पण खेळ थांबवला नाही, तर गोंधळून जाऊ नये. अपराध झालेला आहे, परंतु पक दुसऱ्या संघाकडे असल्याने त्याला खेळू दिले जात आहे, असा त्याचा अर्थ. अपराधी संघाने पक ताब्यात घेताच शिट्टी वाजणार असल्यामुळे दुसरा संघ निर्धास्तपणे आपला गोलरक्षक काढून सहावा आक्रमक आणतो. सामन्याच्या शेवटी पिछाडीवर असलेला संघही गोलरक्षक काढतो, पण तेव्हा रिकाम्या गोलात पक जाण्याचा धोका खराच असतो.

प्रशिक्षकाला गोल ऑफसाइड होता किंवा गोलरक्षकाला अडवले गेले असे वाटल्यास तो चित्रफितीवरून फेरतपासणी मागू शकतो, मात्र मागणी फेटाळली गेली तर त्याच्या संघालाच दोन मिनिटांची शिक्षा होते.

पायरी सातवी: बाद फेरीत नियम बदलतात, ते आधीच माहीत करून घ्यावेत

उपांत्यपूर्व फेरीत एका गटाचा पहिला संघ दुसऱ्या गटाच्या चौथ्याशी आणि दुसरा तिसऱ्याशी खेळतो. उपांत्य फेरीत जोड्या पुन्हा नव्याने लावल्या जातात: उरलेल्या चारांपैकी साखळीत सर्वोत्तम ठरलेल्याची गाठ सर्वांत खालच्याशी पडते. म्हणून आराखड्यावर रेघा ओढून ‘अंतिम सामन्यात अमुक विरुद्ध तमुक’ असे भाकीत आधीच करण्यात अर्थ नाही.

जादा वेळ प्रत्येक टप्प्यावर वेगळा असतो. साखळीत तो पाच मिनिटांचा, तर उपांत्यपूर्व, उपांत्य आणि कांस्यपदकाच्या सामन्यांत दहा मिनिटांचा. दोन्हींत गोलरक्षक धरून नव्हे तर त्याच्याशिवाय तीन-तीन खेळाडू बर्फावर असतात आणि पहिला गोल होताच सामना संपतो. गोल झाला नाही तर पाच-पाच जणांचा शूटआउट होतो. अंतिम सामन्यात शूटआउट नाही. वीस-वीस मिनिटांचे जादा डाव गोल होईपर्यंत चालतात, आणि तेही तीन विरुद्ध तीनच. मोकळ्या बर्फावर तिघांनी खेळायचे म्हटल्यावर हुकलेला प्रत्येक फटका समोरच्या संघासाठी संधी होऊन परततो. २०२५ च्या अंतिम सामन्यात अमेरिका आणि स्वित्झर्लंड साठ मिनिटे गोलशून्य राहिले आणि जादा वेळेच्या तिसऱ्याच मिनिटाला टेज थॉम्पसनने गोल केला. ऑलिंपिकपासून स्वतंत्रपणे खेळल्या गेलेल्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेला १९३३ नंतर मिळालेले ते पहिले सुवर्ण होते. स्वित्झर्लंड मात्र आदल्या वर्षीही प्रागमध्ये झेक संघाकडून ०-२ असा हरला होता, म्हणजे लागोपाठ दोन अंतिम सामन्यांत त्याला एकही गोल करता आला नाही.

सामना संपल्यावर लगेच बंद करू नये. दोन्ही संघ आपापल्या निळ्या रेषेवर उभे राहतात, प्रत्येकातील सर्वोत्तम खेळाडूचा सन्मान होतो आणि विजेत्याचे राष्ट्रगीत वाजते. हे साखळीच्या पहिल्या दिवसापासून प्रत्येक सामन्यानंतर होते. त्यामुळे एखाद्या लहान संघाने वर्षानुवर्षांनी मिळवलेला एकमेव विजयही त्याच्या राष्ट्रगीतासह साजरा होतो.

महिलांच्या स्पर्धेबद्दल

महिलांची पहिली अधिकृत अजिंक्यपद स्पर्धा १९९० साली ऑटावा येथे झाली आणि यजमान कॅनडाने गुलाबी पोशाखात ती जिंकली. सर्वोच्च श्रेणीत दहा संघ असतात. गट समान ताकदीचे नसतात: ‘अ’ गटात क्रमवारीतील पहिले पाच संघ असतात आणि ते सर्व उपांत्यपूर्व फेरीत जातात, तर ‘ब’ गटातून तिघांनाच प्रवेश मिळतो. २०२५ पर्यंतचा प्रत्येक अंतिम सामना कॅनडा आणि अमेरिका यांच्यातच झाला, अपवाद फक्त २०१९ चा, जेव्हा फिनलंडने एस्पो येथे अमेरिकेला शूटआउटपर्यंत झुंजवले. अंगावर जोराची धडक देण्याला महिलांच्या सामन्यांत शिक्षा होत असल्याने पकावरील नियंत्रण आणि पासची अचूकता तिथे अधिक स्वच्छ दिसते. नियम शिकण्यासाठी पहिला सामना कोणता पाहावा असे कोणी विचारले, तर आम्ही महिलांचा एखादा सामना सुचवू.

पायरी आठवी: प्रत्यक्ष जायचे असल्यास

साखळी सामन्यांच्या काळातच जावे. त्या दिवसांत एकाच सभागृहात दिवसाला दोन किंवा अधिक सामने होतात, यजमान संघ खेळत नसलेल्या सामन्यांची तिकिटे तुलनेने सहज मिळतात आणि वर सांगितल्याप्रमाणे निवडलेल्या संघाचे लागोपाठ सामने एकाच शहरात पाहता येतात. गटांची विभागणी जाहीर झाल्यावरच शहर ठरवावे, कारण आपला संघ कोणत्या शहरात खेळणार हे त्याआधी कळत नाही.

बसण्यासाठी गोलामागची पहिली रांग टाळावी. तिथून दूरच्या टोकाचा खेळ दिसत नाही. लांब बाजूला, जरा उंचावरची जागा घ्यावी, म्हणजे तीनही भाग आणि खेळाडूंची अदलाबदल एका नजरेत येते. बाहेर वसंत असला तरी आत गारवा असतो, तेव्हा गरम कपडे जवळ असावेत. गोलांमागे जाळ्या लावलेल्या असल्या तरी बाजूच्या प्रेक्षकांकडे पक उडून येऊ शकतो, म्हणून खेळ चालू असताना फोनकडे पाहत बसू नये.

स्पर्धा संपल्यानंतर दोन गोष्टी टिपून ठेवाव्यात: कोणते दोन संघ खाली गेले आणि पहिल्या विभागाच्या ‘अ’ गटातून कोणते दोन वर येणार आहेत. नवी क्रमवारी आणि तिच्यावरून पाडलेले पुढील वर्षाचे गट महासंघ स्पर्धेनंतर लवकरच जाहीर करतो. आपल्या संघाच्या वाट्याला कोणते सात प्रतिस्पर्धी आले आहेत, हे तेव्हाच पाहून घेता येते.